उघड्या माळावर हरणासाठी रायफल: कॅलिबर कुठलं घ्यावं?

माळावरचा:

मंडळी, गेली सहा-सात वर्षं दाट झाडीत शिकार करतोय. हातात तीच एक लिव्हर-अ‍ॅक्शन .३०-३०. झाडीत हरीण दिसतं तेच पन्नास-साठ यार्डांवर, त्यामुळे कॅलिबरबिलिबरचा (म्हणजे गोळीची जाडी नि काडतुसाचा प्रकार यांचा) विचार करायची वेळ कधी आलीच नाही. यंदा परवाना निघालाय तो उघड्या मुलखाचा. गवताळ टेकड्या, मधूनमधून कोरड्या घळी, आणि झाड म्हणाल तर औषधालाही नाही. तिथे आधी जाऊन आलेला एकजण म्हणाला, "तीनशे यार्डांच्या आत मिळालं तर नशीब समज." माझी .३०-३० शंभर यार्डांवर जुळवलेली आहे. तीनशेवर तिची गोळी अडीच फूट खाली जाते. म्हणजे हरणाच्या पाठीवर आभाळात कुठेतरी नेम धरायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. हे काही खरं नाही.

तर नवी बोल्ट-अ‍ॅक्शन (दर बारानंतर हाताने खिट्टी मागेपुढे ओढायची रायफल) घ्यायची एवढं ठरलंय. यादीत .३०८ विंचेस्टर, .२७० विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर आणि ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम. जनावर म्यूल डिअरच्या (अमेरिकेतलं मोठ्या कानांचं हरीण) आकाराचं. माझं वजन ६२ किलो, उजवा खांदा जुना दुखरा. पल्ला ४०० यार्डांपर्यंत मिळावा असं मनात आहे.

(आधीच सांगून ठेवतो: परवाना, हंगाम आणि संख्या ठरवून जिथे शिकार होते तिथल्यांसाठी हा धागा आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार बंद आहे, हे सगळ्यांनाच माहीत आहे. शिकार करावी की करू नये यावर वेगळा धागा काढा, तिथेही येईन.)

निवांत:

.३०-०६ घ्या. धागा संपला. :)

तोफखाना:

यादीतली शेवटची, ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम. १९६२ पासून लोक उघड्या मुलखात हीच वापरतायत, उगाच नाही. सपाट जाते, वारा कमी खाते, आणि चारशेवर पोचली तरी अंगात जोर शिल्लक असतो. उघड्या माळावर पल्ला हाच राजा. बाकीची तिन्ही काडतुसं चांगली आहेत, पण "चांगली आहेत" आणि "पुरून उरतात" यात फरक आहे. खांद्याचं म्हणाल तर जाड रबरी पॅड आणि नळीला मझल ब्रेक लावा, झटका निम्म्यावर येतो.

डावखुरा:

मझल ब्रेक लावणार असाल तर कानाला संरक्षण लावल्याशिवाय एकही बार काढू नका. शिकारीतसुद्धा नाही. ब्रेकमधून आवाज आणि वायू मागे-बाजूला फेकले जातात. शेजारी बसलेला सोबती तुम्हाला आयुष्यभर शिव्या देईल, आणि त्या तुम्हाला ऐकू येणार नाहीत.

अवांतर: आम्हा डावखुऱ्यांना कॅलिबर निवडायचं भाग्यच नसतं. डाव्या हाताचा बोल्ट ज्यात मिळेल ते आमचं आवडतं कॅलिबर.

अर्धवट_शास्त्रज्ञ:

आकडे मांडतो, मग भांडू. चारही रायफली २०० यार्डांवर झिरो केल्या (म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर पडेल अशा जुळवल्या) आणि नेहमीच्या वजनाची गोळी घेतली, तर ३०० आणि ४०० यार्डांवर गोळी किती खाली जाते ते बघा. .३०८ ची १५० ग्रेन (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप): ३०० वर साडेआठ इंच, ४०० वर दोन फूट. ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेन: साडेसात आणि एकवीस-बावीस इंच. .२७० ची १३० ग्रेन: साडेसहा आणि एकोणीस. ७ मिमी मॅग्नम: साडेसहा आणि अठरा-एकोणीस. नळीची लांबी आणि गोळीची बनावट बदलली की इंच-दोन इंच इकडेतिकडे होणारच.

आता यातला ३०० चा आकडा पुन्हा वाचा. सगळ्यात "वाकडी" जाणारी .३०८ आणि सगळ्यात "सपाट" मॅग्नम यांच्यात दोन इंचांचा फरक आहे. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग साधारण आठ ते दहा इंचांचा असतो. दोन इंचांसाठी खांदा गहाण ठेवायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. शिवाय खाली जाणं हे गुरुत्वाकर्षणाचं काम, ते रोज सारखंच असतं. रेंजफाइंडरने अंतर मोजलं, स्कोपची (रायफलीवरच्या नेमाच्या दुर्बिणीची) कळ फिरवली, विषय मिटला.

खरा खेळ वाऱ्याचा आहे. ताशी १० मैलांचा आडवा वारा ४०० यार्डांवर .३०८ ची १५० ग्रेन गोळी १३-१४ इंच सरकवतो, .२७० ची ११-१२ इंच, ६.५ ची ९ च्या आसपास आणि ७ मिमी मॅग्नमची लांबुळकी १६२ ग्रेन गोळी ८ इंच. इथे मात्र तोफखाना यांचं म्हणणं खरं आहे, मॅग्नम जिंकते. पण क्रीडमूर तिच्या मागे फक्त एक इंच आहे आणि झटका जवळजवळ निम्मा. आठ पौंडी रायफलीत क्रीडमूरचा झटका १२ फूट-पाउंडांच्या (हे जोराचं माप) आसपास, .३०८ आणि .२७० चा १६-१७, .३०-०६ चा २०, ७ मिमी मॅग्नमचा २१. आमचे निवांतराव म्हणतात ते .३०-०६ वाईट नाही, पण ६२ किलोच्या माणसाने दिवसाला चाळीस बार काढून सराव करायचा म्हटलं तर विसाव्या बारानंतर तो डोळे मिटूनच चाप ओढणार.

निवांत:

माझ्या एका ओळीवर तुम्ही चार परिच्छेद लिहिलेत. हरणाला कॅलिबर वाचता येत नाही हो.

रानवाट:

डोळे मिटण्यावरून माझी गोष्ट सांगते. पहिली रायफल मी .३०-०६ घेतली, कारण सगळे तेच सांगत होते. टेबलावर, खाली वाळूच्या पिशव्या ठेवून, झकास नेम. बसून मारायला लागले की गोळी उजवीकडे खाली. महिनाभर स्कोपला दोष दिला. मग सोबतच्या एका अनुभवी बाईंनी माझ्या हातातून रायफल घेतली, माझ्याकडे पाठ केली आणि काडतुसं भरून परत दिली. पाचांपैकी दोन खोटी होती, नुसती डमी. मला अर्थातच कुठली ते माहीत नव्हतं. तिसऱ्या वेळी चाप ओढला, "टक्" असा नुसता आवाज झाला, आणि रायफलीचं टोक सहा इंच खाली गेलं. बारच झाला नव्हता, धक्का बसलाच नव्हता, तरी माझा खांदा त्याला भेटायला पुढे धावला होता. इतकी लाज वाटली!

त्यानंतर ७ मिमी-०८ घेतली. माझ्या मते तुमच्या यादीत हीच नाही ही मोठी चूक आहे. १४० ग्रेनची गोळी सेकंदाला २८०० फुटांच्या आसपास निघते, झटका क्रीडमूरपेक्षा किंचित जास्त, आणि उघड्या माळावर हरणाला जे लागतं ते सगळं तिच्यात आहे. खांदा दुखरा आहे ना? मग काहीही विकत घेण्याआधी डमी काडतुसांचा हा प्रयोग करून बघा.

माळावरचा:

रानवाट, केला प्रयोग. माझ्याच .३०-३० वर केला, आणि तिचा झटका काही फार नाही. पाचातल्या पहिल्याच डमीला टोक हललं. म्हणजे मी सहा वर्षं साठ यार्डांवर मारत होतो म्हणून कळलं नाही इतकंच! आता जरा घाबरलोय.

आणखी एक, ही नावं काय भानगड आहे कुणी सांगेल का? .२७० म्हणजे .२७० इंच, बरोबर ना?

अर्धवट_शास्त्रज्ञ:

नाही. :) .२७० ची गोळी .२७७ इंचाची असते. ६.५ क्रीडमूरची .२६४. सगळ्या ७ मिमींची .२८४. .३०८ आणि .३०-०६ या दोघींची गोळी मात्र एकच, .३०८ इंच. .३०-०६ मधला ०६ हा १९०६ साल, आणि तुमच्या .३०-३० मधला दुसरा ३० म्हणजे मूळ काडतुसातली दारू, तीस ग्रेन. एकाच बाजारात तीन भाषा बोलल्या जातात म्हणा ना.

त्यापेक्षा घराणी लक्षात ठेवा, सोपं पडतं. दोन मोठी घराणी आहेत. एक .३०-०६ चं, लांब काडतूस, लांब बोल्ट. त्याचीच मान आवळून १९२५ मध्ये .२७० झाली, १९५७ मध्ये .२८० रेमिंग्टन, १९६९ मध्ये .२५-०६. दुसरं .३०८ चं, १९५२ चं, आखूड काडतूस, आखूड बोल्ट. तिची लेकरं म्हणजे १९५५ ची .२४३ आणि १९८० ची ७ मिमी-०८, जी रानवाट यांच्याकडे आहे. क्रीडमूर २००७ ची, ती वेगळ्या कुळातली. आखूड काडतूस आणि लांब, टोकदार गोळी हे डोक्यात धरूनच ती बनवली आहे. नळीतले पेच मुळातच ८ इंचांत एक वेढा घेतात, म्हणून तिला लांब गोळी पचते. .२७० चा वेढा बहुतेक रायफलींत १० इंचांत एक, त्यामुळे तिला १३०-१५० ग्रेनच्या पलीकडे फारसं खायला घालता येत नाही. हरणासाठी त्याने काही अडत नाही म्हणा.

तोफखाना:

लेकरं, कुळं, घराणी सगळं ठीक. पण चारशे यार्डांवर हरीण उभं असेल, वारा सुटला असेल, तेव्हा ज्याच्याकडे जोर जास्त त्याची चूक कमी. हे साधं गणित आहे.

कोरडी_नदी:

तोफखाना, हे गणित मी स्वतःच्या अंगावर सोडवलं आहे. सहसा ही गोष्ट सांगत नाही.

तेव्हा माझ्याकडे .३०० विंचेस्टर मॅग्नम होती. तुमच्या ७ मिमीच्या वरची. संध्याकाळचे चार. मी एका घळीच्या अलीकडच्या काठावर पालथा, रायफल पाठपिशवीवर टेकवलेली, नर पलीकडच्या उतारावर आडवा उभा. रेंजफाइंडरने ३४० सांगितलं. माझ्या नाकासमोरचं गवत अगदी स्थिर होतं. एक पातं हलत नव्हतं. मी मनाशी म्हटलं, वारा नाहीच. कळ फिरवली, श्वास सोडला, बार काढला.

वारा होता. तो घळीत होता. माझ्या आणि त्याच्या मधल्या पोकळीतून नळकांड्यातून वाहावा तसा वाहत होता, आणि मी ज्या गवताकडे बघत होतो ते आडोशाला होतं. गोळी फुफ्फुसाच्या दीड वीत मागे लागली. पोटात. त्याने पाठ वाकवली, चार पायांवर आखडून एकदा उडी घेतली आणि खाली उतरून दिसेनासा झाला. ज्याने हे एकदा पाहिलं आहे त्याला ती वाकलेली पाठ कधी विसरता येत नाही. मी अर्धा तास बसून राहिलो, लगेच मागे गेलं तर तो आणखी पळेल म्हणून. मग माग काढायला उतरलो. रक्त जवळजवळ नव्हतंच, कुठे दगडावर हिरवट डाग, कुठे दबलेलं गवत. तीन तास. शेवटी बॅटरीच्या उजेडात सापडला, जिवंत होता.

माझ्या हातात त्या मैदानातलं सगळ्यात जोरदार काडतूस होतं. पोटात लागलेल्या गोळीचा जोर कितीही असो, पोट ते पोटच. पुढच्या वर्षी ती रायफल विकली आणि .२७० घेतली. .२७० वारा कमी खाते म्हणून नव्हे, .३०० च्या मानाने जास्तच खाते. घेतली कारण तिच्यातून मी वर्षाला शे-दीडशे बार काढतो आणि कंटाळत नाही. मॅग्नममधून वीस काढायचो.

त्यानंतर मी बार काढण्याआधी तीन ठिकाणचा वारा बघतो: माझ्याजवळचा, मधला आणि जनावराजवळचा. मधला बघायला गवताची टोकं, उडणारी धूळ, आणि दुर्बिणीतून दिसणारी उन्हाची लहर. ती लहर सरळ वर जात असेल तर वारा नाही किंवा थेट पुढून-मागून आहे. आडवी वाहत असेल तर आडवा. तिन्ही ठिकाणी वेगवेगळं दिसलं तर मारत नाही.

तोफखाना:

यावर बोलायला काही नाही. कॅलिबरवर माझं मत बदललेलं नाही, पण तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत.

रानवाट:

कोरडी_नदी, वाचता वाचता थांबले मध्ये.

एक जोडते. ४०० यार्डांवर गोळीला पोचायला जवळपास अर्धा सेकंद लागतो. चरत चरत चालणारं हरीण तेवढ्यात दीड-दोन फूट पुढे जातं. म्हणजे तुम्ही चाप ओढला तेव्हा ते उभं होतं, आणि गोळी पोचेपर्यंत त्याने एक पाऊल टाकलं, एवढंच पुरे. कुठलंही कॅलिबर हा अर्धा सेकंद शून्यावर आणत नाही.

निवांत:

मग नियम काय? विचारतोय खरंच, या वेळी टोमणा नाही.

कोरडी_नदी:

माझा नियम सांगतो. आठ इंचांचं गोल कापून लाकडावर लावायचं. आधी शंभर पावलं धावायचं, धाप लागली पाहिजे. मग शिकारीत ज्या अवस्थेत बसणार तसंच बसायचं, टेबल नाही, वाळूच्या पिशव्या नाहीत. वीस सेकंदांत पहिला बार. असे पाच बार, दरवेळी उठून पुन्हा धावून. पाचही आत पडले तर गोल पन्नास यार्ड मागे न्यायचं. ज्या अंतरावर पाचातला एक बाहेर जातो, त्याच्या अलीकडचं अंतर तुमचं. तेवढ्यातच मारायचं. वारा असेल तर त्याहून कमी.

लोक शंभरावर टेबलावरून तीन बारांचा एक इंची गट काढतात आणि चारशेवर चार इंच येईल असं गणित करतात. बसून, धाप लागलेली असताना तोच माणूस तीन-चार मिनिटांच्या कोनात (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, शंभर यार्डांवर साधारण एक इंच) मारतो, म्हणजे तीनशेवर नऊ ते बारा इंच. हृदय-फुफ्फुसांच्या बाहेर. धागाकर्ते, तुम्ही "४०० यार्ड पल्ला हवा" असं लिहिलंत. तो पल्ला बंदुकीला आधीपासूनच आहे, यादीतल्या चारही बंदुकींना. तुम्हाला किती आहे ते बघा आणि मग रायफल घ्या.

अर्धवट_शास्त्रज्ञ:

याला आकड्यांचा आधार देतो. हरणासाठी लोक हजार फूट-पाउंड ऊर्जेचा ढोबळ ठोकताळा धरतात. ४०० यार्डांवर .३०८ कडे साडेतेराशेच्या आसपास उरते, .२७० कडे चौदाशे, क्रीडमूरकडे पंधराशे. .२४३ ची १०० ग्रेन गोळीसुद्धा हजाराच्या काठावर असते. तिचा मात्र वाऱ्यात आणि तिरक्या उभ्या जनावरावर हात आखडतो, म्हणून नवख्याला मी ती माळासाठी सुचवत नाही. छोटी म्हणून तिला "सोपी" समजतात. खरं तर ती जपून मारणाऱ्याची रायफल आहे.

आणि कायद्याची किमान मर्यादा आपल्या ठिकाणी बघून घ्या. उदाहरणार्थ इंग्लंड आणि वेल्समध्ये मोठ्या हरणांसाठी रायफल .२४० इंचाच्या खाली चालत नाही, आणि नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पाउंड लागतात.

माळावरचा:

बरं, मग गोळीचं काय? दुकानात एकाच .२७० साठी दहा प्रकारची खोकी असतात. शिशाची, तांब्याची, प्लॅस्टिकच्या टोकाची.

कोरडी_नदी:

कॅलिबरवर पन्नास प्रतिसाद येतात आणि गोळीवर एक, हे उलटं आहे. जनावराला लागते ती गोळी.

थोडक्यात इतकं: गोळी आत जाऊन फुलली पाहिजे आणि फुलूनही आरपार गेली पाहिजे. मऊ शिशाची साधी गोळी लांबवर उत्तम फुलते, पण जवळून, खांद्याच्या हाडावर, वेगात लागली की कधीकधी फुटून तुकडे होते. यावर जॉन नॉस्लर यांनी १९४० च्या दशकात पार्टिशन गोळी काढली. मध्ये धातूची भिंत, पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहतो. अजूनही तिला तोड नाही असं माझं मत.

तांब्याची गोळी फुटत नाही, मांसात शिशाचे कण सोडत नाही, आणि काही ठिकाणी कायद्यानेच तीच लागते. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं बंद आहे. पण तांबं शिशाहून हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि फुलायला तिला वेग जास्त लागतो. ढोबळ मानाने सेकंदाला २००० फुटांच्या खाली नेऊ नका. तांबं घेणार असाल तर एक पायरी हलकी गोळी घ्या.

आणि जे खोकं निवडाल त्याचीच पाच-सहा खोकी एकदम, एकाच लॉटची घ्या. झिरो त्याच गोळीवर, सराव त्याच गोळीवर, शिकार त्याच गोळीवर. खोकं बदललं की झिरो बदलतो.

डावखुरा:

आणि पहिला बार थंड नळीतून कुठे जातो ते लिहून ठेवा. शिकारीत दुसरा तिसरा बार नसतो, पहिलाच असतो. माझी एक रायफल नळी चकचकीत पुसल्यावर पहिली गोळी दीड इंच डावीकडे टाकते. डावखुऱ्याची म्हणून असेल.

माळावरचा:

स्कोप कुठला? एकजण ६-२४ पट घे म्हणाला.

रानवाट:

नका घेऊ. २४ पटीवर दुपारच्या उन्हात हरीण दिसत नाही, उकळतं पाणी दिसतं. शिवाय जनावर स्कोपमध्ये शोधावं लागतं, आणि तोवर ते निघून गेलेलं असतं. ३-९ किंवा ४-१२ भरपूर. वाचलेले पैसे ८ किंवा १० पटीच्या चांगल्या दुर्बिणीवर घाला. माळावर दिवसातले सात तास तुम्ही बघत असता, सात सेकंद मारत असता.

आणि स्कोपने "बघू नका कोण आहे ते". लांबवर काहीतरी हललं, रायफल उचलली, स्कोपमध्ये बघितलं तर माणूस. म्हणजे तुम्ही भरलेली बंदूक माणसावर रोखलीत. बघायला दुर्बीण, मारायला स्कोप.

डावखुरा:

+१००. मागे काय आहे तेही बघा. माळावर टेकडीच्या शिरेवर उभ्या हरणावर कधीच मारायचं नाही, मागे नुसतं आभाळ असतं आणि ही गोळी तीन मैलांपर्यंत जाऊ शकते. मागे माती हवी.

अर्धवट_शास्त्रज्ञ:

टेकड्यांचं निघालंच आहे तर: चढावर किंवा उतारावर मारताना गोळी तिरक्या अंतराएवढी नव्हे, आडव्या अंतराएवढीच खाली जाते. ३० अंशांच्या उतारावर रेंजफाइंडर ४०० दाखवत असेल तर ३४६ समजून मारा. वर असो की खाली, दोन्हीकडे गोळी वरच लागते. हल्लीचे रेंजफाइंडर हे स्वतःच करतात, फक्त तो मोड चालू आहे का ते घरी बघून घ्या. आणि तो किरण समोरच्या गवतावर आपटून परत येतो हेही ध्यानात असू द्या. तीन वेळा मोजा.

माळावरचा:

दोन महिन्यांनी परत आलोय. धागा वर काढतो.

७ मिमी-०८ घेतली. रानवाट, तुमच्यामुळे. क्रीडमूर आणि ती, दोन्ही हातात धरून बघितल्या. खरं सांगायचं तर फरक कॅलिबरचा नव्हता. या रायफलीचा दस्ता खांद्याला लावला की डोळा आपोआप स्कोपच्या मधोमध येत होता, दुसरीत मान ताणावी लागत होती. वजन स्कोपसकट आठ पौंड, नळी २२ इंची.

पहिले दोन आठवडे डोकं फिरायची पाळी आली. आज गट दीड इंच, उद्या पाच इंच, परवा दोन. गोळ्या बदलल्या, श्वास बदलला, स्वतःला शिव्या दिल्या. पुन्हा डमीचा प्रयोग केला, टोक आता हलत नव्हतं. मग एका संध्याकाळी स्कोप हाताने धरून सहज पिळला, तर तो हलला. अगदी केसभर. रिंगा काढल्या. खालच्या पट्टीचे मागचे दोन स्क्रू बोटांनी फिरत होते. स्कोप जिथे बसवून घेतला होता त्यांनी पुढचे दोन आवळले आणि मागचे बहुधा चहा प्यायला गेले. स्वच्छ पुसून, टॉर्क-पान्याने स्वतः आवळले. त्या दिवसापासून सव्वा इंच, दररोज.

मग कोरडी_नदी यांची परीक्षा दिली. धावून, बसून, काठ्यांच्या टेकूवर. दीडशेवर पाचात पाच. दोनशेवर पाचात पाच. अडीचशेवर पाचात तीन. पुढच्या आठवड्यात पुन्हा अडीचशे, पाचात चार. म्हणजे दोनशे. चारशे म्हणत होतो ना मी? दोनशे.

कोरडी_नदी:

दोनशे प्रामाणिक आहे. पालथं पडून, पिशवीवर टेकवून वेगळं मोजा, ते जास्त येईल.

माळावरचा:

आलं. पालथा तीनशे. पण गवत गुडघाभर असेल तर पालथं पडून काहीच दिसत नाही, हे तिथे गेल्यावर कळलं.

हो, जाऊन आलो. पहिल्या सकाळी ३१० यार्डांवर नर, आडवा, निवांत. मी बसलेला, कारण पडलो तर गवत. दुर्बिणीतून वीस मिनिटं बघितलं. वारा डावीकडून, मध्ये घळ. काहीच केलं नाही. तो चरत टेकडीपलीकडे गेला. त्या रात्री झोप लागली नाही, थोडं मूर्खासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तोच, किंवा त्याचा भाऊ, एका घळीच्या तोंडाशी बसलेला दिसला. वारा तोंडावर घेऊन घळीतून दोन तास रांगत गेलो, गुडघे सोलले, एका ठिकाणी नळीचं तोंड मातीत जाता जाता राहिलं. वर डोकं काढलं तर तो उठून उभा राहत होता. १७० यार्ड. काठ्या रोवल्या, बसलो. एक बार. चाळीस पावलं गेला आणि पडला. जवळ गेलो तेव्हा हात इतके कापत होते की बोल्ट उघडायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

रानवाट:

मनापासून अभिनंदन! आणि पहिल्या सकाळच्या ३१० साठी जास्त.

तोफखाना:

अभिनंदन. माझ्या मॅग्नमने ३१० लाच झालं असतं, एवढं नोंदवून ठेवतो. :)

निवांत:

१७० यार्ड? अहो, मग ते तुमच्या जुन्या .३०-३० नेही झालं असतं की!

माळावरचा:

झालं असतं. घरी सांगू नका.